मुलाच्या शाळेतला आरोग्यवर्ग: साडेतीन स्टार, तेही चिठ्ठ्यांच्या डब्यामुळे

आमचे चिरंजीव नाशिकच्या सिडकोतल्या एका अनुदानित शाळेत आठवीला आहेत. गेल्या महिन्यात तिथे बाहेरच्या एका संस्थेने सहावी ते आठवीचा आरोग्यवर्ग घेतला. मुलामागे शंभर रुपये. शेवटच्या शनिवारी पालकांनाही बोलावलं होतं. मी सातपूरला फर्स्ट शिफ्टला असतो, तरी मित्राशी ड्युटी बदलून गेलो. बाप लोक आम्ही तिघंच, बाकी सगळ्या आया.

सगळ्यात भारी काय, तर श्रीखंडाचा रिकामा डबा. झाकणाला फट पाडलेली. मुलांनी नाव न लिहिता प्रश्न टाकायचे. चिठ्ठी कोरी असली तरी टाकायचीच, म्हणजे कोणी विचारलं आणि कोणी नाही हे कळतच नाही. मुलांना विचारून वर्ग घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यातल्या काही आम्हाला वाचून दाखवल्या. 'वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा उंच का?' 'मिशी आली नाही म्हणजे आजार आहे का?' एका चिठ्ठीवर नुसतं 'घरी कोणाला सांगू?' एवढंच. हॉलमध्ये चिडीचूप.

उंचीचं बाईंनी छान समजावलं. मुली साधारण 8 ते 13 या वयात वयात येऊ लागतात, मुलं 9 ते 14 मध्ये. म्हणून मुली आधी उंच होतात, पोरं मागून गाठतात. तिसऱ्या चिठ्ठीचं उत्तर म्हणून त्यांनी फळ्यावर 1098, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर, लिहिला आणि त्या दिवशी तो पुसू दिला नाही.

निळ्या गोळीचाही उलगडा झाला. शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी देतात: 60 मिलीग्रॅम लोह, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. आमचे महाशय ती नळामागे फेकायचे, कारण 'पोटात मळमळतं आणि शी काळी होते'. बाई म्हणाल्या, काळी होणारच, घाबरायचं कारण नाही. जेवणानंतर घ्या, वर लगेच चहा पिऊ नका, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. आमच्या घरी शाळेतून आला की पहिला चहाच!

आता तक्रारी. मुलींना तीन तास आणि मुलांना एक. मुलींचा तास चालू असताना पोरांना ग्राउंडवर सोडलं. मग वर्गात एखादीच्या ड्रेसला डाग दिसला की हीच पोरं हसणार, त्यांना पाळी कोण समजावणार? मी विचारलं तर संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "शाळेनेच एवढे तास दिले." शाळेत विचारलं तर उत्तर आलं, "संस्थेचाच प्लॅन होता." घ्या.

आहाराच्या स्लाइडवर ब्रोकोली आणि अव्होकाडो. अहो, पेठ-सुरगाण्याची नाचणी इथे बाजारात मिळते, अळीव आहेत, गूळ-शेंगदाणे आहेत. आमच्या घरात अव्होकाडो अजून कोणी हातात धरलेला नाही.

आणि वर्गशिक्षक सगळा वेळ मागे बसून वह्या तपासत होते. 2020 पासूनच्या केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात दर शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलं आहे. आमच्या शाळेतले दोन कोण, हे ऑफिसमध्येही कोणाला सांगता आलं नाही. बाहेरची मंडळी चार दिवस येऊन जातात, पोरांना प्रश्न वर्षभर पडतात.

शंभर रुपये वसूल झाले का? झाले, डॉक्टरबाईंसाठी. शाळेने पुन्हा बोलावलं तर मुलांचेही तीन तास आधी लिहून घ्या, मगच पैसे भरा.

जाताना त्या आपला डबा घेऊन गेल्या. आमच्याकडे चक्क्याचा एक किलोचा रिकामा डबा होता. काल त्याच्या झाकणाला सुरीने फट पाडली आहे. सोमवारी नेऊन देणार आहे, वर्गशिक्षकांच्या टेबलावरच.