सगळा माल तपासायचा की सॅम्पल? नवा नग सुरू करताना

साकीनाका, मरोळ किंवा वसईच्या गाळ्यात नवा नग सुरू झाला की पहिल्या काही लॉटमध्येच (मालाच्या खेपांमध्येच) हा प्रश्न येतो. टेबलावर दोन माणसं बसवून नग न् नग बघायचा, की सॅम्पल काढून लॉट सोडून द्यायचा? निर्णय लॉटच्या आकारावर कमी आणि दोष कसा येतो यावर जास्त ठरतो. उदाहरणाला चार कॅव्हिटीच्या मोल्डमधून (एका वेळी चार नग देणाऱ्या चार पोकळ्यांच्या साच्यातून) निघणारी नायलॉनची क्लिप घेऊ. लॉट १००० नगांचा.

सॅम्पलचा हिशोब आयएस २५०० (भाग १) या भारतीय मानकाच्या कोष्टकात तयार मिळतो. तपासणीच्या नेहमीच्या दुसऱ्या स्तरावर ५०१ ते १२०० नगांच्या लॉटमधून ८० नग काढायचे. एक्यूएल, म्हणजे खराब मालाची मान्य पातळी, १ टक्का ठरला असेल तर दोनपर्यंत खराब चालतात, तिसरा निघाला की लॉट नापास. एका नगाला अर्धा मिनिट धरलं तर ४० मिनिटांत काम होतं, आणि तेवढ्या वेळात गेज (माप तपासायचं साधन) लावून मोजमापही होतं. पण लॉट पास झाला म्हणजे त्यात १ टक्क्याच्या वर खराब माल नाही, असा अर्थ कुणी काढू नये. ५ टक्के खराब असलेला लॉटसुद्धा या कोष्टकातून पाचात एकदा तरी निसटतो. हे कोष्टक ओळीने येणाऱ्या लॉटसाठी आहे. सलग पाचात दोन लॉट नापास झाले की कडक (कमी खराब नग चालवून घेणाऱ्या) तपासणीवर जायचं, ही त्याची अट आहे. ती वगळून फक्त ८०चा आकडा उचलला, तर संरक्षण उरत नाही.

नग न् नग तपासताना एकाला ६ सेकंद धरले तर १००० नगांना १०० मिनिटं लागतात. कागदावर हे परवडतं. गाडी अडते ती डोळ्यांवर आणि मानेवर. बहुतेक गाळ्यांत पॅकिंगचंच टेबल तपासणीला वापरतात. ते ठेंगणं असतं, माणूस पुढे वाकतो, मान दुखायला लागते आणि हात नुसते पुढे सरकत राहतात. बारीक कामाला टेबलाचा वरचा पृष्ठभाग कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर वर हवा, हात टेकायला कड हवी आणि पाय लोंबकळत असतील तर पायाखाली फळी हवी. नगाचा ट्रे हाताच्या पंजापासून वीतभर अंतरात ठेवा, तो खांद्यातून वळून उचलावा लागू नये. उजेड १००० लक्सच्या आसपास पाहिजे. पण डोक्यावर उघडी एलईडी ट्यूब लावली तर चकचकीत नगावर तिचं प्रतिबिंब पडतं आणि ओरखडा दिसतच नाही. दिवा बाजूने, तिरका लावा. पांढरा नग काळ्या मॅटवर, काळा नग फिकट मॅटवर. अर्ध्या तासाने माणूस बदला, त्याला पॅकिंगवर पाठवा आणि पॅकिंगवाल्याला इथे बसवा. एवढं करायची तयारी नसेल तर शंभर टक्के तपासणीचा खर्च होतो, पण तपासणी होत नाही.

आता दोषाचा स्वभाव. एका कॅव्हिटीचं गेट (प्लास्टिक आत शिरायची वाट) झिजलं किंवा पार्टिंग लाइनला (साच्याचे दोन भाग मिळतात तिथे) फ्लॅश, म्हणजे जादा प्लास्टिकची पातळ कड, यायला लागला, तर दर चौथा नग तसाच निघतो. असा दोष सॅम्पलमध्ये हमखास सापडतो. मात्र ८० नग क्रेटच्या वरच्या थरातून उचलायचे नाहीत. कॅव्हिटीचा नंबर बघून प्रत्येकीचे २० घ्यायचे आणि लॉटच्या सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे मिसळायचे. याउलट शॉर्ट शॉट, म्हणजे पूर्ण न भरलेला नग, अधूनमधून येतो, जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन परत सुरू झालं की दोन-चार नगांना. दोनशेत एक असा दोष ८० नगांत दिसला नाही तर नवल नाही. तिथे नग न् नग तपासणी लागते, नाहीतर मशीनवरच काहीतरी करावं लागतं.

मशीनवरचा उपाय आम्हाला जास्त पटतो. सुट्टीनंतरचे पहिले दहा शॉट (साचा दहा वेळा भरून निघालेले नग) लाल क्रेटमध्ये बाजूला काढायचे. भोकासाठी गो-नो गो प्लग गेज (एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये) ऑपरेटरच्या हाताशी टांगायचा आणि दर तासाला चारही कॅव्हिटींचा एकेक नग तपासायचा. चूक जिथे होते तिथेच ती थांबते, टेबलावर ढीग साचत नाही. क्लिप वाकवून तोडण्याची चाचणी तर कुठल्याही पद्धतीत सॅम्पलवरच करावी लागते, कारण तपासलेला नग उरतच नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात नायलॉनसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. दाणे ओलावा शोषतात, ते वाळवणारा साधा हॉपर ड्रायर बाहेरचीच दमट हवा गरम करून फिरवतो आणि नगावर चंदेरी रेषा उमटतात. मोल्ड झालेला नगही हवेतली ओल घेऊन हळूहळू फुगतो. म्हणून मोल्डमधून निघाल्यावर किती तासांनी मोजायचं, हे ड्रॉइंगवरच लिहून ठेवा. नाहीतर तुमचं माप आणि गिऱ्हाइकाचं माप जुळणार नाही, आणि दोघंही बरोबर असाल.

तेव्हा नव्या नगाचे पहिले तीन लॉट पूर्ण तपासा, प्रत्येक दोषापुढे कॅव्हिटी आणि वेळ लिहा. दोष एखाद्या कॅव्हिटीलाच चिकटलेला दिसला तर मोल्ड दुरुस्त करून सॅम्पलवर या. विखुरलेला असेल तर मशीनवरचा गेज बसेपर्यंत पूर्ण तपासणी चालू ठेवा. ज्या दोषाने वापरणाऱ्याला इजा होऊ शकते, त्यासाठी एक्यूएलचं कोष्टक वापरूच नका.

आपलं टेबल किती पकडतं हे बघायचं असेल तर खुणेचे दहा खराब नग गुपचूप लॉटमध्ये मिसळा आणि संध्याकाळी मोजा. सातच सापडले तर आधी दिवा आणि टेबलाची उंची बघा. माणसाला बोलायची पाळी त्यानंतरची.