गोडो ४ मधील गुरुत्वाकर्षणाचा तयार नमुना: नवशिक्यांसाठी उत्तम सोय
द्विमितीय प्लॅटफॉर्म गेम पहिल्यांदाच बनवणाऱ्याला गुरुत्वाकर्षण नेमके कसे चालते हे उमजावे, यासाठी गोडो ४ या मोफत गेम इंजिनमधील कॅरेक्टरबॉडी-टूडीचा (द्विमितीय पात्र हलवण्यासाठीच्या घटकाचा) तयार नमुना कोड मला फार उपयुक्त वाटला. पात्र जमिनीवर नसेल तेव्हा प्रत्येक फ्रेमला त्याच्या उभ्या वेगात गुरुत्वाकर्षण गुणिले डेल्टा (मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, सेकंदांत) एवढी भर पडते, आणि पडद्यावर वाय-अक्ष खालच्या दिशेने वाढत असल्यामुळे उडीचा वेग उणे ४०० दिलेला असतो. गुरुत्वाकर्षणाचे मूळ मूल्य ९८० ठेवले, तर उडी सुमारे ८२ पिक्सेल उंच जाते. मला ती जराशी तरंगती वाटते, म्हणून खाली येताना हे मूल्य दीडपट करावे. पडण्याच्या वेगाला कमाल मर्यादा मात्र या नमुन्यात नाही, ती स्वतःच घालावी लागते.