कुंद्याला शेगडी, नानकटाईला ओव्हन
बेळगावात मिठाई आणि बेकरी एकत्र चालवायची असेल, तर आधी व्यावसायिक गॅस शेगडीच घ्या. कुंदा म्हणजे आटवलेल्या दुधाची मिठाई; तो आटवायला कढईखाली दणदणीत आच लागते, हात सारखा फिरता लागतो. ते ओव्हनचं कामच नव्हे. ज्योत पिवळी पडून कढईचं बूड काळं व्हायला लागलं, की उतू गेलेलं दूध बर्नरच्या भोकांत बसलंय समजा. गॅस बंद करून, बर्नर गार झाल्यावर भोकं तारेने मोकळी करा. जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीत, मात्र तार घालू नका, भोक मोठं होतं.

नानकटाई, खारीला कन्व्हेक्शन ओव्हन सरस. आतल्या पंख्याने गरम हवा फिरते, भाजणी एकसारखी होते. तापमान साध्या ओव्हनपेक्षा 15-20 अंश कमी ठेवायचं. ट्रे खच्चून भरले की वारा अडतो. दाराचं रबर फाटलं की उष्णता बाहेर. आणि वीज गेली की पंखा ठप्प! बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात वीज गेली तरी शेगडीला त्याचं सोयरसुतक नसतं.