आय-सेव्हन म्हणून गळ्यात मारलेला जुना कॉम्प्युटर

माझ्या वडिलांना कॉम्प्युटर लागतो तो बँकेचे व्यवहार, थोडं टायपिंग, यूट्यूब आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढ्यासाठी. त्यांचा डेस्कटॉप इंटेलच्या आय-थ्री ८१०० प्रोसेसरचा होता, ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कचा. चालू व्हायला फार वेळ घ्यायचा. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विक्रेत्याने विंडोज ११ ची तपासणी लावून ‘हा पीसी पात्र नाही’ असा संदेश त्यांना दाखवला, प्रोसेसर संपला म्हणून सांगितलं, आणि तो कॉम्प्युटर एक्स्चेंजमध्ये घेऊन ‘नवा आय-सेव्हन, ग्राफिक्स कार्डसकट’ विकला.

हे धडधडीत खोटं होतं. आय-थ्री ८१०० मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत आहे. असा संदेश बऱ्याचदा बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) टीपीएम ही सुरक्षेची सोय बंद असल्यामुळे येतो, आणि तो तिथेच चालू करता येतो. रोज हेच काम करणाऱ्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

नव्या डब्यात निघाला आय-सेव्हन २६००. हा २०११ चा, दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर! इंटेलच्या या नावांमध्ये आय-थ्री, आय-सेव्हनच्या पुढच्या आकड्याच्या सुरुवातीला पिढी असते: २६०० म्हणजे दुसरी, ८१०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, दोघांनाही चारच, पण एकेका कोअरच्या वेगात तो ‘संपलेला’ आय-थ्रीच पुढे आहे. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, म्हणजे हा आय-सेव्हनच खरा अपात्र. तपासणीला बगल देऊन त्यावर विंडोज ११ चढवलेलं होतं. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, तेही २०१४ च्या सुमाराचं. या कार्डाचा मला सर्वांत जास्त राग आला. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ या आकाराने लहान केलेल्या स्वरूपात पाठवतं. ते उलगडण्याची सोय आय-थ्रीच्या आतल्या ग्राफिक्समध्येच होती. या आय-सेव्हनमध्ये ती नाही आणि या कार्डातही नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. म्हणजे पैसे देऊन वडिलांच्या रोजच्या वापरातली एक सोय काढून घेतली गेली.

जुना कॉम्प्युटर मंद होता तो डिस्कमुळे. हार्ड डिस्कचं हेड फिरत्या तबकडीवर जागा शोधत फिरतं, विखुरलेल्या फायली सेकंदाला शंभरेक वेळाच वाचू शकतं. साधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, हजारो वेळा वाचते. एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅम, एवढ्यावर तो कॉम्प्युटर अजून कित्येक वर्षं चालला असता. घरगुती कामाला ८ जीबी रॅम, एसएसडी आणि विंडोज ११ च्या यादीतला कोणताही साधा प्रोसेसर पुरतो. गेम, व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम असेल तरच वेगळ्या कार्डाचा विचार करावा.

कुणी ‘प्रोसेसर बदला’ म्हणालं, तर आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मशीन रखडतं तेव्हा परफॉर्मन्समध्ये पाहा. डिस्क १०० टक्के आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) १५-२० टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसरला दोष देणाऱ्याला ते आकडे दाखवा.

तक्रार घेऊन गेलो तर विक्रेत्याने बिल पुढे केलं. त्यावर फक्त ‘आय-सेव्हन कॉम्प्युटर’. पूर्ण मॉडेल नंबर नाही, सीरियल नंबर नाही, नवा की वापरलेला तेही नाही. हे सगळं बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि जुनं मशीन देण्याआधी त्यातली डिस्क काढून घ्या. वडिलांची बँकेची कागदपत्रं आणि सेव्ह केलेले पासवर्ड डिस्कसोबत गेले; मशीन परत मागितलं, तर ते पुढे विकलं गेलंय असं उत्तर मिळालं. पासवर्ड आम्ही त्याच दिवशी बदलले. कागदपत्रं आता कुणाच्या हातात आहेत, ते कळायला मार्ग नाही.