बिल नंबरसाठी सीक्वेन्स काढून काउंटर टेबल लावलं, 8 महिन्यांचा अनुभव

काकांचं पाइप-फिटिंगचं होलसेल दुकान आहे, 4 काउंटर, आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर मीच लिहिलेलं, त्यामुळे शिव्या खायलाही मीच. आधी अ‍ॅक्सेस या छोट्या डेटाबेसमध्ये होतं, सगळ्यात मोठा नंबर शोधायचा आणि त्यात 1 मिळवायचा, झालं. एकटा माणूस बिल करतोय तोवर ठीक, पण संध्याकाळी गर्दीत दोघांनी एकदम सेव्ह दाबलं की दोघांनाही तोच नंबर.

मग पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस घेतला आणि त्याचा सीक्वेन्स लावला, म्हणजे मागेल त्याला पुढचा नंबर आपोआप देणारी सोय. डुप्लिकेट एका दिवसात बंद, मी खूश. महिनाअखेर सीएंचा फोन, "अरे 212 नंतर डायरेक्ट 214, मधलं बिल कुठाय?" बिल नव्हतंच हो, सेव्ह होताना एरर येऊन रोलबॅक झालेलं, म्हणजे अर्धवट लिहिलेलं सगळं पुसलं गेलेलं, पण सीक्वेन्सने एकदा दिलेला नंबर परत येत नाही. त्यात एकदा लाईट गेली, यूपीएसने मान टाकली, सर्व्हर परत चालू केला तर नंबर तीसेक पुढे. हा बग नाही बरं का, पोस्टग्रेस पुढचे 32 नंबर दिले असं धरून आधीच लॉगमध्ये (त्याच्या नोंदवहीत) लिहून ठेवतं, अचानक बंद पडलं की त्यातले उरलेले गेले. पण जीएसटीच्या नियम 46 मध्ये बिल नंबर ओळीने हवा, 16 अक्षरांच्या आत हवा आणि आर्थिक वर्षात रिपीट नको. शिवाय जीएसटीआर-1 या विक्रीच्या रिटर्नच्या 13 नंबरच्या टेबलात कुठून कुठपर्यंत नंबर, एकूण किती, रद्द किती, सगळं भरावं लागतं. तिथे "लाईट गेली होती" असा कॉलम नाही.

म्हणून नोव्हेंबर 2024 पासून काउंटर टेबल. एका सिरीजला एका वर्षाची एक ओळ, तिच्यात शेवटचा नंबर. बिल सेव्ह करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही, असा गठ्ठा) ती ओळ अपडेट करून 1 वाढवायचा आणि त्याच कमांडमध्ये रिटर्निंग लिहून तोच नंबर परत घ्यायचा. रोलबॅक झालं की नंबरही मागे येतो, आणि दुसरा काउंटर तोवर त्या ओळीच्या लॉकवर थांबतो. बिलाच्या टेबलावर नंबरला युनिक कन्स्ट्रेंट (तोच नंबर दोनदा घेऊ नको, अशी अट) आहेच, तो काढू नका, कितीही कॉन्फिडन्स असला तरी.

पण हे थांबणंच पहिल्या आठवड्यात अंगाशी आलं. मी शहाण्याने प्रिंटसुद्धा ट्रान्झॅक्शनच्या आत ठेवलेलं, 2 नंबर काउंटरच्या थर्मल प्रिंटरचा रोल संपला, पोरगा रोल आणायला माळ्यावर गेला आणि इकडे तिन्ही काउंटर फ्रीझ, गिऱ्हाईक माझ्याकडे बघतंय आणि काका गिऱ्हाइकाकडे. त्या रात्रीच क्रम बदलला: आधी बिलाच्या सगळ्या ओळी, स्टॉक वगैरे, नंबर अगदी शेवटी, लगेच कमिट (सगळं पक्कं, लॉक सुटलं) आणि मग प्रिंट. लॉक टाइमआउटही, म्हणजे लॉकसाठी जास्तीत जास्त किती थांबायचं ते, 5 सेकंद ठेवला. तेव्हापासून थांबलेलं कुणाला जाणवतसुद्धा नाही.

दुसरी माती 1 एप्रिलला. नवीन वर्षाची ओळ घालायचीच विसरलो, सकाळी पहिलंच बिल अडकलं. नंबरचा कॉलम रिकामा चालत नाही असं ठेवलं होतं म्हणून निदान बिननंबरी बिल गेलं नाही. आता ओळ नसेल तर घाल, असेल तर वाढव, असं एकाच इन्सर्टमध्ये करून टाकलंय, ऑन कॉन्फ्लिक्ट वापरून.

काउंटरवरच्या पोरांची तक्रार एकच, सेव्ह होईपर्यंत नंबर दिसत नाही, पूर्वी फॉर्म उघडला की दिसायचा. तो मी दाखवणार नाही. तोवर "कच्चं" एवढंच दिसतं. आतल्या आयडीला मात्र अजून सीक्वेन्सच आहे, तिथे गॅप पडली तर कुणाला फरक पडतो.

रद्द बिल डिलीट होत नाही, फक्त शिक्का बसतो. जुलै 2025 पर्यंत एकही गॅप नाही, सीएंचा फोन आला तो फक्त फीसाठी.

हां, काकांना वर्षाचं पहिलं बिल 1 नंबरचं नको असतं, दुकान कालच उघडल्यासारखं वाटतं म्हणे. म्हणून 2025-26 चं पहिलं बिल एस/25-26/000101.