डब्याचा फिल्टर की कागदी? आणि ऑइल बघायचं काचेतून की डिपस्टिकनं?

सेकंडहँड बाईक बघायला गेल्यावर बहुतेक जण टायर, चेन आणि टाकीवरचे ओरखडे बघतात. ऑइल स्वतःच्या हातानं बदलायचं मनात असेल, तर इंजिनाजवळ वाकून आणखी दोन गोष्टी बघा: फिल्टर कुठल्या प्रकारचा आहे आणि ऑइलची पातळी कशी कळते. या दोन्ही गोष्टी गाडीबरोबरच येतात, नंतर बदलता येत नाहीत.

स्पिन-ऑन, म्हणजे डब्याचा फिल्टर, इंजिनाच्या बाहेर आट्यांवर बसतो. गाळणीचा कागद, बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर ऑइलला न गाळता पुढे सोडणारी झडप) आणि रबरी गॅस्केट सगळं त्या पत्र्याच्या डब्यातच असल्यामुळे जुना डबा काढला, नवा लावला की काम संपतं. गॅस्केटला बोटानं नवं ऑइल लावायचं, ते टेकेपर्यंत डबा हातानं फिरवायचा आणि मग मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच आवळायचं. पान्यानं जोर लावून आवळलेला डबा पुढच्या वेळी चेपतो, पण सुटत नाही. एक चूक मी स्वतः केली आहे. जुन्या डब्याचं गॅस्केट इंजिनालाच चिकटून राहिलं होतं आणि मी त्यावर नवा डबा चढवला. दोन गॅस्केट एकावर एक आल्यामुळे गाडी चालू केल्याबरोबर तिथून ऑइल उडालं. तेव्हापासून बसण्याची जागा चिंधीनं पुसून, बोट फिरवून बघितल्याशिवाय मी नवा डबा लावत नाही. बऱ्याच गाड्यांवर हा डबा पुढच्या चाकामागे उघडाच असतो, त्यामुळे खडीच्या रस्त्यांवर जास्त फिरणाऱ्यानं तेही लक्षात घ्यावं.

कागदी फिल्टर इंजिनाच्या पोटात, एका कव्हरमागे असतो. तो छोटा असतो, त्यात टाकाऊ पत्रा नसतो आणि दगड लागायची भीती नसते. शिवाय जुना फिल्टर काढल्यावर कागदाच्या घड्या उघडून आत धातूचा कीस आहे का, हे लगेच बघता येतं; डबा मात्र कापावा लागतो. जुन्या गाडीच्या मालकाला या तपासणीचा खरा उपयोग आहे. पण इथे चुकायच्या जागा जास्त. ओ-रिंग, म्हणजे कव्हरची रबरी कडी, नवी घालावी लागते, स्प्रिंग असेल तर ती आपल्या जागी जावी लागते आणि कव्हरचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जात असल्यामुळे जास्त आवळले तर आटे जातात. सगळ्यात महत्त्वाची आहे फिल्टरची दिशा. काही फिल्टरना एकाच बाजूला भोक असतं. ते उलटे बसवले तरी कव्हर लागतं, पण ऑइलची वाट अडू शकते आणि इंजिन कोरडं चालतं. काढताना फोटो काढून ठेवा.

काही लहान इंजिनांत बदलायचा फिल्टर नसतोच. जाळी आणि गाळ भिंतीला चिकटवणारा फिरता रोटर असतो. तिथे खर्च नाही, पण रोटर साफ करायला सहसा क्लच कव्हर उघडावं लागतं.

आटे जुळले म्हणून कारचा डबा बाईकला लावू नका. बायपास किती दाबावर उघडतो हे वेगळं असू शकतं, आणि तो लवकर उघडला तर ऑइल न गाळताच फिरतं. बहुतेक बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये असतात, क्लच प्लेटची झीजही त्यातच उतरते, त्यामुळे इथल्या फिल्टरला काम जास्त. ऑइलही त्याच कारणानं जासो (डब्यावर छापलेला जपानी दर्जा) एमए किंवा एमए2 दर्जाचं हवं; एमबी ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या, क्लचसाठी नाही.

आता पातळी. माझ्या मते निर्णय इथेच व्हावा, कारण फिल्टरला काही हजार किलोमीटरनंतर हात लागतो आणि पातळी दर आठवड्याला बघायची असते. इंजिनाच्या बाजूला ऑइल बघायची काच असेल तर हात काळे न करता दोन रेघांमध्ये ऑइल दिसतं, त्यामुळे माणूस खरोखर बघतो. ऑइल दुधाळ झालं असेल, म्हणजे त्यात पाणी किंवा कूलंट गेलं असेल, तर तेही बऱ्याचदा काचेतच दिसतं. अडचण एवढीच की गाडी सरळ उभी हवी. मेन स्टँड नसेल तर गाडीवर बसून ती सरळ धरा आणि फोन खाली नेऊन काचेचा फोटो काढा. जुन्या गाडीची काच पिवळी पडून धूसर झालेली नाही ना, हे घेण्याआधी बघा.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलमध्ये बुडवून बघायची खुणांची पट्टी, धूसर होत नाही, पण ती वाचायची रीत गाडीगणिक बदलते. काहींमध्ये ती नुसती टेकवायची असते, काहींमध्ये आट्यांत पूर्ण आवळायची. रीत चुकली की माप चुकतं आणि माणूस ऑइल जास्त भरतो. जास्त ऑइल घुसळून फेसाळतं, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या पेटीत, जातं. कमी असेल तर जोरात ब्रेक लावताना पंप हवा ओढू शकतो.

म्हणून नवशिक्यानं डब्याचा फिल्टर आणि काच अशी जोडी मिळाली तर ती घ्यावी. दोन्हींतलं एकच मिळत असेल तर काच घ्यावी आणि कागदी फिल्टर शिकून घ्यावा.

पातळी बघायची वेळ मात्र काच आणि डिपस्टिक दोन्हींना सारखी लागू: बहुतेक गाड्यांत इंजिन थोडं गरम करून, बंद करून, दोन-तीन मिनिटांनी. फिल्टर बदलल्यावर इंजिन एकदा चालवून पुन्हा बघाच, कारण नवा फिल्टर ऑइल पितो आणि पातळी उतरते. ऑइलची वेगळी टाकी असलेल्या ड्राय संप गाडीत रात्रभरात ऑइल खाली इंजिनात उतरलेलं असू शकतं. सकाळी टाकी रिकामी दिसली म्हणून लगेच भरू नका, आधी इंजिन नीट गरम करा आणि मगच बघा.