गंगापूर रोडवरचा कथा-आस्वाद वर्ग : बाईंचे वाचन उत्तम, छापील टिपणे निराशाजनक

अभिजात लघुकथेतील पात्रे आणि प्रतीके कशी वाचावीत, या विषयावर गंगापूर रोडवरील एका छोट्या सभागृहात दर रविवारी सकाळी भरणारा दोन महिन्यांचा आस्वाद वर्ग मी नुकताच पूर्ण केला. नाशिकमध्ये ज्यांना कथा गांभीर्याने वाचायची आहे, त्यांनी तो जरूर करावा, असे मी मनापासून सांगेन. मात्र वर्गात जे शिकवले जाते आणि घरी नेण्यासाठी जे छापून दिले जाते, त्यांत मोठी तफावत आहे, हे नाव नोंदवण्याआधीच माहीत असलेले बरे.

वर्ग घेणाऱ्या बाई मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. पहिल्याच सत्रात त्यांनी एक नियम घालून दिला : कथेतली वस्तू कशाचे प्रतीक आहे हे विचारण्याआधी ती कोणाच्या हातात आहे, त्या माणसाने ती कशी मिळवली आणि तो तिच्याशी कसा वागतो, हे कथेतल्याच वाक्यांच्या आधारे सांगता आले पाहिजे. शाळा-महाविद्यालयात आपल्याला नेमके उलटे वळण लागलेले असते. पाऊस म्हणजे दुःख, दिवा म्हणजे आशा, पिंजरा म्हणजे पारतंत्र्य, असे ठरलेले अर्थ परीक्षेत गुण मिळवून देतात, पण त्या नादात माणूस वाचायचा राहून जातो.

हा नियम किती उपयोगी आहे, ते रशियन लेखक गोगोल यांच्या १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओव्हरकोट’ या कथेच्या वाचनात कळले. नव्या कोटासाठी पैसे साठवताना अकाकी अकाकियेविच हा कारकून संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, बुटांचे तळवे झिजू नयेत म्हणून रस्त्याने जवळजवळ चवड्यांवर चालतो. आणि या ओढाताणीतच त्याच्या स्वभावाला, आजवर कधी नव्हता असा, ठामपणा येतो. कोट म्हणजे प्रतिष्ठा, एवढे म्हणून थांबले की हा बदल नजरेतून निसटतो. कॉलरसाठी उंची फर परवडत नाही, तेव्हा दुरून तशीच वाटेल अशी मांजराची फर निवडली जाते, या तपशिलावर बाईंनी बराच वेळ दिला. त्याहून अधिक वेळ दिला तो पेत्रोविच शिंप्याच्या तपकिरीच्या डबीला. त्या डबीवर कुणा जनरलचे चित्र आहे, पण तो जनरल कोण हे समजायला मार्ग नाही, कारण चेहऱ्याच्या जागी बोटाने भोक पडलेले असून त्यावर कागदाचा चौकोनी तुकडा चिकटवलेला आहे. पुढे कोट चोरीला गेल्यावर अकाकी ज्या बड्या अधिकाऱ्याकडे दाद मागायला जातो, त्यालाही गोगोल नाव देत नाहीत. तो नुकताच जनरलच्या हुद्द्यावर चढलेला आहे आणि दरारा कसा दाखवायचा याची आरशासमोर तालीम करतो. डबीवरचा बिनचेहऱ्याचा जनरल आणि हा बिननावाचा जनरल वर्गात एकमेकांशेजारी ठेवले गेले, आणि प्रतीकाचा अर्थ बाहेरून न आणता कथेच्या आतूनच कसा उगवतो, हे त्या दिवशी स्वच्छ दिसले.

रशियन कथाकार चेखव यांच्या १८८६ सालच्या गाडीवानाच्या कथेचे सत्र या वर्गातले सर्वोत्तम होते. इओना पोतापोव्ह या म्हाताऱ्या गाडीवानाचा मुलगा वारला आहे, आणि भर बर्फात तो एकामागून एक गिऱ्हाइकांना ते सांगू पाहतो. ऐकून घ्यायला कोणालाच सवड नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी बर्फाचा अर्थ लगेच ‘जगाचा थंडपणा’ असा सांगून टाकला. एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका वाहकांनी मात्र वेगळीच गोष्ट दाखवली : गाडीत बसलेल्या माणसाला गाडीवानाची फक्त पाठ आणि मान दिसते, म्हणून बोलायचे झाले तर दर वेळी मागे वळावे लागते ते त्यालाच. यानंतर बाईंनी तीन तरुण प्रवाशांचा प्रसंग पुन्हा वाचला. त्यांच्यातला कुबडा इओनाच्या मानेवर रट्टा हाणतो, आणि चेखव लिहितात की तो इओनाला जाणवण्यापेक्षा ऐकू येतो. दुःखाने शरीर किती बधिर झाले आहे, हे सांगायला त्यांना याहून अधिक शब्द लागत नाहीत.

शेवटाकडे जाताना बाईंनी आमचे लक्ष चाऱ्याकडे वेधले. मन लागत नसल्याने इओना त्या दिवशी लवकर परतला आहे, ओट घेण्याइतकीही कमाई झालेली नाही, आणि म्हणून घोडी सुके गवत खाते आहे. म्हणजे तिच्यासमोरचे ते गवतसुद्धा त्याच्या दुःखातूनच आलेले आहे. शेवटी त्या घोडीलाच आपले दुःख सांगताना तो म्हणतो, समज, तुला एक शिंगरू असते, तू त्याची आई असतीस, आणि ते अचानक गेले असते, तर वाईट वाटले असते ना? ज्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहायला शहरातला एकही माणूस तयार नव्हता, तोच आपली व्यथा घोडीच्या आयुष्यात बसवून तिला समजावतो आहे. घोडी हे मुक्या जगाचे प्रतीक आहे, असे म्हणून हा शेवट हातावेगळा करता येत नाही.

आता छापील टिपणांविषयी. प्रत्येक कथेबरोबर झेरॉक्सची पाने मिळतात, आणि त्यांत एका रकान्यात वस्तू, दुसऱ्या रकान्यात तिचा अर्थ, अशी कोष्टके आहेत. वर्गात ज्या सवयीतून बाई आम्हाला कष्टाने बाहेर काढत होत्या, तीच सवय ही पाने पुन्हा लावतात. फ्रेंच कथाकार मोपासाँ यांच्या १८८४ सालच्या ‘नेकलेस’चे सत्र वेळेअभावी टिपणांवरच उरकले गेले, आणि तिथे हे नुकसान स्पष्ट झाले. हार म्हणजे खोटी हौस, हौसेचे फळ दहा वर्षांची हलाखी, असा निकाल देऊन टिपण थांबते. पण मैत्रिणीकडून मागून आणलेला हार हरवल्यावर कथेची नायिका मातिल्द ३६,००० फ्रँकचा नवा हार परत करते, आणि दहा वर्षे घासणी-धुणी करून, जिने चढून पाणी वाहून त्यासाठी काढलेले कर्ज फेडते. या काळात तिच्यात जी धमक येते, ती कथेच्या आरंभी तिच्यात कुठेही नव्हती. मैत्रीण भेटल्यावर सगळे स्वतःहून सांगताना तिच्या चेहऱ्यावर अभिमानाचे, भाबडे हसू आहे. त्यानंतर मूळ हार खोटा होता आणि फार तर ५०० फ्रँकचा होता हे कळते, तेव्हा तो आघात तिच्या हौसेपेक्षा तिच्या कष्टांवर अधिक होतो. त्या मैत्रिणीने, मादाम फोरेस्तिए यांनी, परत आलेली हाराची पेटी त्याच दिवशी उघडून पाहिली नव्हती, याचीही दखल टिपणात नाही. रागावून सांगतो, कारण इतक्या चांगल्या वर्गाला ही पाने शोभत नाहीत.

दुसरी तक्रार मराठी कथेबाबत आहे. बाबुराव बागूल यांचा जन्म नाशिकजवळच्या विहितगावचा. १९६३ साली आलेल्या त्यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ या संग्रहातील शीर्षककथेला अखेरच्या सत्रातला जेमतेम अर्धा तास मिळाला. तिथे कोट किंवा हार यांसारखी हाताशी धरण्याजोगी वस्तू नाही. नोकरीच्या गावी जात लपवून राहणाऱ्या निवेदकाचे मौनच सगळा भार पेलते. प्रतीक वस्तूतच असावे लागते का, हा प्रश्न या कथेवरून फार चांगला मांडता आला असता, आणि तो नाशिकच्या वर्गात मांडला गेला असता तर अधिक आनंद वाटला असता.

सभागृह स्वच्छ आहे. मागच्या रांगांत पंख्यांच्या आवाजामुळे वाचन नीट ऐकू येत नाही, म्हणून वेळेआधी पोहोचून पुढे बसावे. शुल्क नाटकाच्या तीन-चार तिकिटांइतके आहे आणि मला ते रास्त वाटले. नाव नोंदवतानाच सर्व कथांची यादी मागून घ्यावी, पूर्ण कथा सार्वजनिक वाचनालयातून किंवा अन्यत्र मिळवून आधी वाचाव्यात, आणि टिपणांची पाने वर्ग संपेपर्यंत उघडू नयेत.